पेप्टाइडची कुपी हाती घेण्याआधी : बेळगाव सीमाभागातील वाचकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगावात औषधाच्या दुकानाच्या फळीमागे पंचवीसएक वर्षे उभे राहिल्यावर कोणती लाट केव्हा आली आणि केव्हा ओसरली याचा हिशेब आपोआप डोक्यात राहतो. पूर्वी तालमीतली मुले 'अंगावर मांस चढवणारी गोळी' मागत असत. मग प्रथिनांच्या पावडरीचे मोठमोठे डबे आले. आणि आता मोबाइलवर एका बोटभर कुपीचे छायाचित्र दाखवून, तळाशी चिमूटभर पांढरी पावडर असलेली ती वस्तू 'मिळेल का' असे विचारले जाते. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा या बाजूचा, कुस्ती किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा आणि खांदा वा गुडघा दुखावून बसलेला तरुण; दुसरी पन्नाशीला टेकलेली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल ऐकून आलेली गृहिणी. दोघेही 'पेप्टाइड' हाच शब्द वापरतात, पण दोघे मागत असलेल्या वस्तूंमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. हा फरक कसा ओळखावा आणि त्यानंतर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

शब्दाचा अर्थ

अमिनो आम्लांचे मणी एकामागोमाग एक ओवले की साखळी तयार होते. साखळी आखूड असली, साधारणपणे पन्नासएक मण्यांपर्यंतची, तर तिला पेप्टाइड म्हणतात आणि लांब असली तर प्रथिन. ही सीमारेषा सोयीची आहे, काटेकोर नाही. आपल्या शरीरातले कितीतरी निरोप या आखूड साखळ्यांतूनच जातात. इन्सुलिन ५१ मण्यांचे असते, तर बाळंतपणात गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन अवघ्या ९ मण्यांचे. इन्सुलिन १९२१ साली टोरांटो येथे वेगळे काढले गेले आणि जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला टोचले गेले, म्हणजे पेप्टाइडचा औषध म्हणून वापर शंभर वर्षांहून जुना आहे. ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या विन्सेंट दु विग्नो यांना १९५५ चे नोबेल मिळाले. पुढे १९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी घन आधारावर मणी एकेक करून ओवण्याची पद्धत शोधली, तिलाही १९८४ मध्ये नोबेल मिळाले, आणि हे काम यंत्राच्या हाती गेले. आज कोणतीही साखळी स्वस्तात तयार करून कुपीत भरता येते ती या पद्धतीमुळे. तयार करणे सोपे झाले. ती साखळी माणसाच्या शरीरात काय करते हे तपासणे मात्र पूर्वीइतकेच खर्चाचे आणि वेळखाऊ राहिले. आजचा सगळा गोंधळ या दोन गोष्टींमधल्या अंतरातून निर्माण झाला आहे.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. पोटाला पेप्टाइड आणि मसुराची आमटी यांतला फरक कळत नाही. दोन्ही ते पचवून टाकते. म्हणूनच बहुतेक पेप्टाइड औषधे टोचावी लागतात. सेमाग्लुटाइड या साखर-वजनावरच्या पेप्टाइड औषधाची गोळी निघाली आहे, परंतु त्यातही शोषणाला मदत करणारा एक वेगळा घटक घालावा लागला, आणि ती सकाळी उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास काहीही न खाण्या-पिण्याची अट पाळूनसुद्धा औषधाचा एक टक्काही भाग रक्तात पोहोचत नाही. तेव्हा 'जिभेखाली थेंब टाका, पेप्टाइड लागू पडेल' अशी जाहिरात दिसली तर तिच्याकडे लक्ष देऊ नये.

पहिली पायरी : वस्तू कोणत्या ढिगातली आहे ते ठरवणे

विकत घेण्याआधी आपल्या हातातली वस्तू पुढील तीन ढिगांपैकी एकात टाकावी. पहिला ढीग अन्नाचा : कोलॅजन पेप्टाइड, दुधातल्या व्हे प्रथिनांचे विघटित रूप वगैरे. यांच्या डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो आणि या तोंडावाटे घ्यायच्या वस्तू असतात. दुसरा ढीग मान्यताप्राप्त औषधांचा : इन्सुलिन, लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, तिरझेपाटाइड, हाडे ठिसूळ झालेल्यांसाठीचे टेरिपॅराटाइड. यांच्या मोठ्या मानवी चाचण्या झालेल्या आहेत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे कायद्याने गुन्हा आहे. तिसऱ्या ढिगात बीपीसी-१५७, टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन, त्वचा सावळी करण्यासाठीचे मेलॅनोटॅन ही मंडळी येतात. कुपीवर बहुधा बारीक अक्षरांत 'केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असे छापलेले असते. ते वाक्य विक्रेत्याने स्वतःच्या बचावासाठी घातलेले असते, पण ते खरेही असते.

ओळखण्याची सोपी कसोटी अशी : या वस्तूचे पक्के बिल, बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख या चारही गोष्टी मिळतात का? बिल द्यायला टाळाटाळ झाली की ढीग कोणता ते ठरले.

दुसरी पायरी : हेतू लिहून काढणे आणि आजची मापे घेणे

'फिट व्हायचे आहे' हा हेतू होत नाही. 'सहा महिन्यांत कंबर ९८ सेंटिमीटरवरून ९० वर आणायची आहे' किंवा 'खांदा न दुखता शंभर जोर मारता आले पाहिजेत' हा हेतू होतो. कागदावर एवढे लिहिले की निम्म्या लोकांच्या लक्षात येते की आपल्याला पेप्टाइड नव्हे, फिजिओथेरपिस्ट किंवा झोप हवी आहे.

त्यानंतर मापे. आपल्याकडच्या लोकांसाठी शरीरभार निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता मानतात. पाश्चात्त्यांचे २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू करू नयेत, कारण कमी वजनातही आपल्या पोटात चरबी साठते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी, रक्तातील चरबीचे प्रमाण, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची एसजीपीटी, थायरॉइडची टीएसएच, आणि जोडीला ड जीवनसत्त्व व बी-१२ एवढ्या तपासण्या बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर येथील कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतात. शाकाहारी घरांतल्या माणसांनी बी-१२ वगळू नये. 'अंगात दम नाही' म्हणून महागड्या कुपीची चौकशी करायला आलेल्या अनेकांचे दुखणे शेवटी तिथेच सापडलेले मी पाहिले आहे. हे अहवाल एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. सीमाभागातल्या माणसाचा एक डॉक्टर बेळगावात, दुसरा कोल्हापुरात आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिरजेत असतो, आणि एकाने काय दिले ते दुसऱ्याला ठाऊक नसते. त्या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे ही फाइल.

तिसरी पायरी : खुराकाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी इथेच सर्वाधिक फळ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे सामान्य प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. नियमित भार उचलणाऱ्याला किंवा लाल मातीत उतरणाऱ्याला किलोमागे १.४ ते २ ग्रॅमपर्यंत लागतात, मधला १.६ चा आकडा धरला तर ११२ ग्रॅम.

आता आपल्या ताटात किती पडतात ते पाहू. दोन जोंधळ्याच्या भाकऱ्यांत साधारण १० ग्रॅम, दोन वेळच्या डाळ-मसुरातून १४, दोन अंड्यांतून १२, अर्ध्या लिटर दुधातून १६, मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज ५९. म्हणजे साध्या माणसाचे भागले, पैलवानाचे निम्म्यावर अडले. तीस ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे भाजीत घातले तर १५ ग्रॅमची भर पडते, आणि शिजवलेले दीडशे ग्रॅम कोंबडीचे मांस घेतले तर सुमारे ४० ग्रॅमची. मांसाहार न करणाऱ्याने पनीर, दही, हुलगे, मटकी आणि गरज पडल्यास व्हेचा एक चमचा असा मेळ बसवावा. बदाम-थंडाईला तालमीत मान आहे आणि तो राहू द्यावा, परंतु वीस बदामांत जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने असतात हे वस्तादांनीही ध्यानात घ्यावे. कुंदा खव्याचा असतो म्हणून तो खुराकात मोडतो असा युक्तिवाद मी याच शहरात गंभीर चेहऱ्याने केलेला ऐकला आहे. साखरेचे प्रमाण पाहता तो सणापुरताच ठेवणे बरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा सगळा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा.

पहिल्या ढिगातल्या कोलॅजन पेप्टाइडबद्दल थोडक्यात : गुडघेदुखी आणि त्वचा यांवर काही अभ्यासांत माफक फायदा दिसला आहे, धोका फारसा नाही, आणि खर्च बराच आहे. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे स्नायू वाढवण्यासाठी त्याला प्रथिन म्हणून मोजू नये. त्याच पैशात क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम घेतले तर ताकदीसाठी त्यामागचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. ते पेप्टाइड नव्हे आणि त्यात काही नवलाईही नाही, म्हणूनच बहुधा त्याचे छायाचित्र दाखवत कोणी दुकानात येत नाही.

चौथी पायरी : वजनाची आणि साखरेची इंजेक्शने

दुसऱ्या ढिगातली सेमाग्लुटाइड आणि तिरझेपाटाइड ही औषधे खरोखर काम करतात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, तर नुसते पाणी टोचलेल्यांचे २.४ टक्के, तिरझेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्क्यांपर्यंत उतरले. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-१ या निरोपाची ही टिकाऊ नक्कल आहे : भूक मंदावते, पोट सावकाश रिकामे होते, साखर वाढली की इन्सुलिन सुटते. नैसर्गिक जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत विरते. सेमाग्लुटाइडचे अर्धे प्रमाण उतरायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून ते आठवड्यातून एकदा घेतात. तिरझेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये.

ही औषधे कोणाला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे, आणि चार किलो कमी करून लग्नाचा शालू नीट बसावा हे कारण त्यात बसत नाही. डॉक्टरांकडे जाताना पुढील गोष्टी न विचारता सांगाव्यात : घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला होता का, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला आहे का, नजीकच्या काळात मूल हवे आहे का. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते, आणि तिरझेपाटाइड सुरू असताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते अगदी ठळकपणे सांगावे, कारण दोन्ही मिळून साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार असे उपवास आपण करता हे डॉक्टरांना आपोआप कळत नाही. तेही सांगावे आणि उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

मात्रा नेहमी तळापासून चढवतात. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने आणि तिरझेपाटाइड २.५ मिलिग्रॅमने सुरू होते, आणि किमान चार आठवडे तिथेच थांबतात. ही सुरुवातीची मात्रा वजन उतरवण्यासाठी नसते; पोटाला सवय लागावी म्हणून असते. 'महिना झाला, काही फरक नाही' म्हणून स्वतःच दुप्पट करणारे लोक दुसऱ्या आठवड्यात उलट्या करत सलाइनला लागतात.

टोचण्याची जागा म्हणजे बेंबीपासून चार-पाच बोटे दूर पोट, मांडीचा पुढचा भाग किंवा दंडाची मागची बाजू. दर आठवड्याला वार तोच, जागा मात्र थोडी बदललेली. प्रत्येक वेळी नवी सुई लावावी. सुई पेनला (औषध भरलेल्या, पेनसारख्या इंजेक्शनला) लावून ठेवली तर हवा शिरते आणि औषध गळते. टोचल्यावर दट्ट्या दाबून सावकाश दहापर्यंत मोजावे, मगच सुई बाहेर काढावी. एखादा वार चुकला तर तिरझेपाटाइड चार दिवसांच्या आत आणि ओझेम्पिक (सेमाग्लुटाइडचे एक व्यापारी नाव) पाच दिवसांच्या आत घेता येते. त्यापलीकडे ती मात्रा सोडून पुढच्या ठरलेल्या वारी घ्यावी. दोन मात्रा एकत्र कधीही नकोत. आणि पेन एकाचे दुसऱ्याने वापरू नये, सुई बदलली तरी नाही. नवरा-बायकोने एक पेन वाटून घेतल्याची उदाहरणे आमच्याकडे आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

साठवणीविषयी आमच्या भागात वेगळे सांगावे लागते. न उघडलेले पेन २ ते ८ अंश तापमानात राहायला हवे. आपल्याकडे अजूनही एका दाराचे, वर बर्फाचा कप्पा असलेले फ्रीज बरेच आहेत. त्या कप्प्याला टेकून ठेवलेले औषध गोठते, आणि एकदा गोठलेले पेन पुन्हा द्रव झाले तरी निकामी समजून टाकून द्यावे. दारातही ठेवू नये, कारण तिथे तापमान सतत हलते. मधल्या फळीवर, डब्यात घालून ठेवणे उत्तम. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत पावसाळ्यात वीज तासन्तास जाते. फ्रीज बंद ठेवला तर काही तास गारवा टिकतो, मात्र सारखे उघडून पाहू नये. चालू केलेले पेन बाहेर किती दिवस चालते हे प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ते वाचून पेनवर उघडल्याची तारीख चिकटवावी. कोल्हापूरहून औषध आणताना एसटीत खिडकीशी, उन्हात पिशवी धरून बसू नये. चोर्ल्यातून गोव्याला जाताना मोटारीच्या पुढच्या कप्प्यात पेन ठेवून जेवायला उतरू नये. बर्फाच्या पाकिटाला पेन थेट न टेकवता मध्ये टॉवेल गुंडाळावा.

पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, बद्धकोष्ठता, करपट ढेकर, जुलाब हे अपेक्षित आहे. कमी आणि सावकाश जेवावे. यात्रेच्या तांबड्या रश्श्यावर आणि तळलेल्या पदार्थांवर ताव मारला तर रात्र वाईट जाते. परंतु पोटात वरच्या बाजूला न थांबणारी, पाठीत जाणारी कळ, वारंवार उलट्या होऊन लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा नजर अचानक धूसर होणे यांपैकी काहीही झाले तर पुढची मात्रा थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे आधी कळवावे, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक राहू शकते.

दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून तिसऱ्या पायरीतला प्रथिनांचा हिशेब आणि आठवड्यातून किमान दोनदा भार उचलण्याचा व्यायाम या औषधाबरोबर सक्तीचा समजावा. भूक मंदावलेली असताना ताटात आधी अंडे, डाळ, पनीर संपवावे आणि मग भात. दुसरी गोष्ट अशी की सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, असे त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. हे औषध तीन महिन्यांचे शिबिर नाही. खर्च वर्षानुवर्षे झेपेल का याचा विचार पहिल्या पेनच्या आधी करावा.

बनावट मालाची भीतीही खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता. पेन केवळ परवानाधारक दुकानातून, बिलासह, थंड पिशवीत घ्यावे. बिलावरचा बॅच क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

पाचवी पायरी : तिसऱ्या ढिगातली कुपी

बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची साखळी. स्नायुबंध, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), आतडी झपाट्याने भरून येतात असा तिच्याविषयी दावा आहे, आणि त्यामागचे जवळपास सगळे काम उंदरांवरचे आहे. माणसांवरचे अभ्यास मूठभर लोकांवरचे आहेत. टीबी-५०० थायमोसिन बीटा-४ या नैसर्गिक साखळीशी संबंधित आहे, त्याचीही गत तीच. सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून वाढीचे संप्रेरक सोडवून घेतात. ते रक्तात वाढते हे खरे, परंतु वाढीचे संप्रेरक इन्सुलिनच्या विरोधात काम करते, आणि ज्या समाजात घरोघरी मधुमेह आहे तिथे ही साधी बाब नव्हे. भारतात यांपैकी एकाही वस्तूला औषध म्हणून मान्यता नाही. नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी वाढवणारी वस्तू लपलेल्या गाठीलाही खतपाणी घालील का, या प्रश्नाचे उत्तर दीर्घ मानवी चाचण्यांतूनच मिळते, आणि त्या झालेल्या नाहीत.

यापलीकडे कुपीतल्या मालाचा प्रश्न उरतो. विक्रेता '९९ टक्के शुद्ध' असे प्रमाणपत्र दाखवतो. ती चाचणी मुख्य साखळीचे प्रमाण सांगते. माल निर्जंतुक आहे का, त्यात जीवाणूंची विषे आहेत का, जड धातू आहेत का, यांतले काहीही ती सांगत नाही. शिवाय प्रमाणपत्र त्याच कुपीचे आहे याला पुरावा नसतो.

आणि मापाचा घोळ. आपल्या देशात इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज चालतात : एका मिलिलिटरला ४० युनिटची, बहुधा लाल टोपणाची, आणि १०० युनिटची, बहुधा केशरी टोपणाची. परदेशी चित्रफितीत 'दहा युनिट' म्हटले की ते १०० ची सिरिंज धरून असते. आपल्या पोराने ४० ची घेतली तर त्याच दहा रेघांत अडीचपट द्रव भरतो. त्यात कुपीत पाणी किती घातले याचा अंदाज चुकला की चूक गुणाकाराने वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये कुपीतून घ्यायच्या सेमाग्लुटाइडबाबत याच कारणाने इशारा दिला होता : लोक ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीसपट टोचून घेत होते. ते तर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध होते. म्हणून या ढिगातल्या कोणत्याही वस्तूची मात्रा, पाण्याचे प्रमाण किंवा वेळापत्रक या लेखात दिलेले नाही. ते कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याने ते कुठल्या मानवी चाचणीवरून काढले, एवढेच विचारावे.

खांदा-गुडघ्याच्या दुखण्याने पछाडलेल्या तरुणाला रिकाम्या हाताने परत पाठवणे मात्र मला योग्य वाटत नाही. त्याने आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून नेमके निदान करून घ्यावे; बेळगावच्या शासकीय सिव्हिल रुग्णालयात आणि केएलईच्या रुग्णालयात ही सोय आहे. कंडरेच्या दुखण्यात हळूहळू भार वाढवत नेण्याचा व्यायाम हाच सर्वांत सिद्ध उपाय आहे आणि त्याला बहुधा बारा आठवडे लागतात. कुपी घेतलेल्या अनेकांना 'सहा आठवड्यांत बरे वाटले' असे वाटते, त्यात विश्रांतीचा आणि काळाचा वाटा किती हे ते सांगू शकत नाहीत.

सहावी पायरी : स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी

आनंदवाडीच्या आखाड्यात गंमत म्हणून कुस्ती धरणारा आणि राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर नाव नोंदवलेला खेळाडू यांची गोष्ट वेगळी आहे. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या यादीत बीपीसी-१५७ हे २०२२ पासून 'मान्यता नसलेली द्रव्ये' या गटात बंदी असलेले आहे. टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन आणि वाढीचे संप्रेरक हे पेप्टाइड संप्रेरकांच्या गटात येतात. बंदी स्पर्धेच्या दिवसापुरती नसून बाराही महिने असते. इन्सुलिनवरही बंदी आहे, त्यामुळे मधुमेही खेळाडूने उपचारासाठीची सवलत आधी लेखी मिळवावी लागते. सेमाग्लुटाइडवर बंदी नाही, परंतु २०२४ पासून ते देखरेखीखाली आहे, तेव्हा दरवर्षी १ जानेवारीला लागू होणारी नवी यादी पाहावी. भारतात २०२२ चा उत्तेजक प्रतिबंधक कायदा आहे आणि तपासणीचे काम राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था (नाडा) करते. नमुन्यात द्रव्य सापडले की 'वस्तादांनी दिले', 'डब्यात मिसळलेले होते' ही सबब चालत नाही. शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

आधीच सुरू केले असेल तर

आपला ग्राहक खोटे बोलतो ते बहुतेक वेळा लाजेपोटी. डॉक्टरांसमोर कुपी ठेवावी, नाव, किती दिवस, किती मात्रा हे जसे घडले तसे सांगावे; डॉक्टर पोलिसात देत नाहीत. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, आणि सिरिंज किंवा कुपी दुसऱ्याबरोबर वाटली असेल तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांची तपासणी करून घ्यावी. टोचल्या जागी लाली पसरत गेली, गाठ गरम आणि दुखरी झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर घरगुती लेपावर वेळ घालवू नये. कोणत्याही औषधाचा विपरीत परिणाम झाल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तो नोंदवता येतो.

वापरलेल्या सुया घरातल्या कचऱ्यात सुट्या टाकल्या की घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात रुततात. जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, सुईला टोपण परत चढवण्याच्या खटपटीत न पडता ती सरळ त्यात टाकावी, डबा तीन-चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर 'सुया' असे मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि जवळच्या रुग्णालयात किंवा औषध घेतलेल्या दुकानात विचारून तो सुपूर्द करावा.